थाळनेरचे पाच दरवाजे

किल्ला म्हटला की आम्हां पुण्या-मुंबईकडच्या मंडळींच्या डोळ्यांपुढे एक ठरीव चित्र उभे राहते. उंच कडा, घाम काढणारी चढण, वर पाण्याची टाकी, एखादे देवीचे देऊळ आणि शिवाजीमहाराजांची एखादी आठवण. डब्यात पुरी-भाजी बांधून, मुलांना बरोबर घेऊन आपण असे किल्ले पाहतो आणि दमून, पण मोठ्या समाधानाने घरी परततो. खानदेशात तापीच्या काठी जो किल्ला मी पाहिला त्याला हे चित्र लागू पडत नाही. तिथे डोंगर नाही, कडा नाही, चढणही जेमतेम. त्यामुळे डोंगर चढणाऱ्यांना त्याचे अगत्य नाही आणि न चढणाऱ्यांना त्याचा पत्ता नाही!

विलायतेला जाऊन आलेले लोक तिकडच्या किल्ल्यांची मोठी रसभरित वर्णने करतात. लंडनच्या टॉवरमध्ये म्हणे राजमुकुट पाहायला मिळतो, राजेलोकांची चिलखते पाहायला मिळतात, आणि 1536 साली राणी ॲन बोलीन हिचा शिरच्छेद जेथे झाला ते अंगणही दाखवतात. आपल्याकडे किल्ल्याच्या आत शिरायचे म्हणजे बहुधा गुडघाभर गवतात शिरायचे. दालने नाहीत, झुंबरे नाहीत, पलंग नाहीत. मग आत पाहायचे तरी काय? हा प्रश्न माझ्या थोरल्या बहिणीने मला नंदुरबारच्या मुक्कामात सरळच विचारला. त्याचे उत्तर मला थाळनेरला मिळाले, म्हणून हा लेखप्रपंच.

गेल्या पौषात मी चार दिवस ताईकडे नंदुरबारला गेलो होतो. मुंबईहून निघालेली आगगाडी सुरतेपर्यंत सरळ उत्तरेला जाते आणि तिथून तापीच्या खोऱ्यात पूर्वेकडे वळते. नंदुरबार जवळ आले की हवेत एक तिखट वास येऊ लागतो. हा इथल्या मिरचीचा. गावाबाहेरच्या मोकळ्या माळांवर लाल मिरची वाळत घातलेली असते. तिला इकडे मिरचीच्या पथाऱ्या म्हणतात. मैल मैल लाल गालिचे अंथरावेत असा तो देखावा. पाहून डोळे निवतात आणि वारा आपल्या बाजूला वळला की त्याच डोळ्यांना धारा लागतात.

नंदुरबार हा आता स्वतंत्र जिल्हा आहे. 1 जुलै 1998 रोजी तो धुळे जिल्ह्यातून वेगळा निघाला. त्याच्या आधी तो धुळ्याचा भाग होता, आणि त्याच्याही आधी, म्हणजे 1906 साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले तेव्हापासून, हा सगळा मुलूख पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जाई. सरकारी नकाशावर रेघा बदलतात. तापी मात्र या सर्व रेघांच्या आधीपासून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आहे, आणि तिच्या काठाकाठाने सुरत आणि बऱ्हाणपूर यांना जोडणारा व्यापाराचा रस्ता शेकडो वर्षे चालत आला आहे. नंदुरबार काय, थाळनेर काय, दोन्ही या एकाच रस्त्याची लेकरे. 1660 च्या आसपास तावेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या या मुलखातून गेला, त्याने दोन्ही गावांची नोंद केली आहे. पुढे 1666 च्या सुमारास इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची वखारही नंदुरबारला होती. आज तिथे हिंडताना याची आठवण कोणाला असायचे कारण नाही. पण बाजारपेठेत उभे राहून कान दिला की गुजराती, अहिराणी, भिली आणि मराठी अशा चार बोली एकाच दुकानासमोर ऐकू येतात. वखारी गेल्या, पण त्या जुन्या रस्त्याची खूण लोकांच्या जिभेवर राहिली आहे.

ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, पंधरा वर्षांचा. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्याने मला माणिक चौकात नेले. नंदुरबारला आलेला पाहुणा या चौकात जातोच, किंवा त्याला नेले जातेच. 1942 साली ‘चले जाव’ची घोषणा झाल्यानंतर सुमारे एक महिन्याने, 9 सप्टेंबरला, या गावच्या शाळकरी मुलांनी तिरंगा घेऊन मिरवणूक काढली. पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा अशी पाच जणांची आहुती त्या दिवशी पडली. शिरीषकुमार तेव्हा सोळा वर्षांचाही नव्हता. मिरवणुकीतल्या मुलींवर बंदूक रोखलेली पाहून तो पुढे झाला आणि ‘मारायचे तर मला मारा’ असे म्हणाला, ही हकीकत गावातली लहान मुलेसुद्धा सांगतात.

“मामा, ते माझ्याच वयाचे होते,” भाचा म्हणाला. एरवी हा मुलगा क्षणभर गप्प बसत नाही. पण स्मारकापाशी तो एक एक नाव बोटाने दाखवीत वाचत राहिला. ती पाच नावे त्याला पाठच होती.

दुसऱ्या दिवशी थाळनेरला जायचे मी जाहीर केले तेव्हा घरात कोणीच फारसे खूश झाले नाही. ताईचे म्हणणे, त्यापेक्षा सारंगखेड्याला जा. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि घोड्यांचा मोठा बाजार लागतो. तो महिनाभरापूर्वीच होऊन गेला होता, एवढीच अडचण! आमचे मेहुणे म्हणाले, “अहो, थाळनेरला पडक्या भिंतींशिवाय काय आहे? आणि तो तर धुळे जिल्ह्यात.” भाचा मात्र तयार झाला. किल्ल्यापेक्षा मोटारीत पुढच्या जागेवर बसायला मिळणार याचा त्याला आनंद अधिक असावा.

नंदुरबारहून शहाद्याच्या रस्त्याने निघालो. वाटेत प्रकाशे लागते. तापी आणि गोमाई यांचा इथे संगम. या गावाला दक्षिणकाशी म्हणतात, आणि काशीयात्रा केली तरी प्रकाशे केल्याशिवाय ती पुरी होत नाही अशी इकडच्या लोकांची श्रद्धा आहे. संगमावर केदारेश्वराचे देऊळ, घाट आणि बंधाऱ्याने अडलेले तापीचे संथ, रुंद पाणी. 1954-55 साली पुरातत्त्व खात्याने इथल्या पांढरीच्या टेकाडात उत्खनन केले तेव्हा तीन हजार वर्षांहूनही जुन्या वस्तीचे थर सापडले. तांब्याची आणि दगडाची हत्यारे एकाच वेळी वापरणारी ती माणसे. म्हणजे आपण ज्यांना जुने राजे म्हणतो त्यांच्या आधी दोन-अडीच हजार वर्षे या काठावर चुली पेटत होत्या. आम्ही देवदर्शन घेतले, घाटावर बसून ताईने बांधून दिलेली कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत खाल्ले. हिवाळ्यातले खानदेशी भरीत ज्याने खाल्ले नाही त्याला त्याची थोरवी लिहून सांगता येणार नाही, आणि ज्याने खाल्ले आहे त्याला सांगायची गरज नाही.

पुढे शहादा. इथून पूर्वेकडचा रस्ता शिरपूरला जातो. डाव्या हाताला सातपुड्याची निळी रांग सतत सोबतीला असते, उजव्या हाताला कापूस, ऊस आणि केळी, आणि त्यांच्या पलीकडे कोठेतरी तापी. शिरपूर आले की आपण आग्रा रोडला लागतो. शिरपूरपासून थोडे खाली नदीकडे उतरले की थाळनेर.

गाव खानदेशातल्या इतर मोठ्या गावांसारखेच. पारावर बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींनी आमची मोटार पाहून विचारले, “काय देखाले उनात भाऊ?” मी म्हणालो, किल्ला पाहायला. त्यावर एक आजोबा हसून म्हणाले, “तठे काय शे?” आमच्या मेहुण्यांचा आणि त्यांचा अभिप्राय असा तंतोतंत जुळला. पण लगेच पुढे त्यांनी आपणहून सांगितले, ते मात्र मोठ्या अभिमानाने. हे लताबाईंचे आजोळ! मास्टर दीनानाथांच्या पत्नी माई मंगेशकर या थाळनेरच्या लाड घराण्यातल्या, इथल्या गुजराती सावकारांच्या कन्या. लता मंगेशकरांच्या लहानपणीचे काही दिवस या गावात गेले. नंदुरबारचे मेहता काय, थाळनेरचे लाड काय, सुरतेच्या रस्त्याने आलेली ही गुजराती घराणी खानदेशच्या मातीत पुरती मिसळून गेली. एका घराण्याने हुतात्मा दिला, दुसऱ्याने गाणे दिले.

आता किल्ल्याकडे वळू. पण आत शिरण्यापूर्वी तो कोणाचा हे सांगायला हवे.

दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाच्या पदरी मलिक राजा नावाचा एक सरदार होता. फिरिश्ता हा इतिहासकार त्याची एक गोष्ट सांगतो. बादशहा गुजरातेत शिकारीला गेला असता सोबत्यांपासून चुकला आणि भुकेने व्याकूळ झाला. एका शिकाऱ्याने आपल्याजवळचे अन्न त्याच्यापुढे ठेवले. तो शिकारी म्हणजे मलिक राजा. बादशहा खूश झाला आणि 1370 साली त्याने मलिक राजाला थाळनेरची जहागीर दिली. गोष्ट खरी असो वा रचलेली, जहागीर खरी. दिल्लीची सत्ता ढिली पडताच, 1382 साली, मलिक राजा स्वतंत्र झाला. आपली वंशावळ तो खलिफा उमर फारूक यांच्यापर्यंत नेत असे, म्हणून हे घराणे फारूकी म्हणवले गेले. 1601 पर्यंत, म्हणजे अकबराने असीरगड घेण्याच्या वेळेपर्यंत, खानदेशावर याच घराण्याचे राज्य होते. खानदेश हे नावही त्यांच्या ‘खान’ या किताबावरून पडले असे पुष्कळ जण मानतात. दुसरे कोणी ते कान्हदेशावरून आले असे सांगतात.

आमच्या भाच्याला यात एकच गोष्ट विशेष आवडली. मलिक राजाने हात मारला तो सुलतानपूर आणि नंदुरबारवर! ती ठाणी गुजरातच्या बाजूची. गुजरातचा मुजफ्फर चालून आला तेव्हा मलिक राजा परत थाळनेरच्या तटाआड शिरला आणि शेवटी तह झाला. “म्हणजे आपण त्यांना जड गेलो,” भाच्याने निकाल दिला. जिल्ह्याचा अभिमान असा सहाशे वर्षे मागेसुद्धा पोचतो.

मलिक राजा 1399 साली वारला. त्याचा मोठा मुलगा नासीर खान अधिक महत्त्वाकांक्षी. त्याने असीरगड घेतला. डोल्यांत बायकामुले आहेत असे भासवून आत शिपाई नेले आणि आसा अहिराला दग्याने मारले, असे फिरिश्ता लिहितो. मग त्याने शेख बुऱ्हाणुद्दीन या संतांच्या नावाने बऱ्हाणपूर वसवले. थाळनेर धाकट्या भावाकडे होते, तेही 1417 साली माळव्याच्या मदतीने हिसकावून घेतले. त्यानंतर राजधानीचे वैभव हळूहळू बऱ्हाणपूरला गेले. ज्याला फारूकींचे महाल पाहायचे असतील त्याने तापीच्या काठानेच पुढे बऱ्हाणपूरला जावे. तिथल्या किल्ल्यात शाही हमामखाना आहे, छतावरची चित्रे आहेत, आणि त्याच गावी 1631 साली मुमताजमहलने प्राण सोडला. थाळनेरला यातले काही नाही. थाळनेर हे घराण्याचे मूळ घर. थोरल्या मुलाने शहरात बंगला बांधला की खेड्यातल्या घराची जी दशा होते, तीच त्याची झाली.

किल्ल्याची एक बाजू तापीच्या पाण्यातूनच वर उठते. उरलेल्या तीन बाजूंना रुंद खोलगट भाग आहे. 1818 साली इंग्रजी फौजेबरोबर असलेल्या व्हॅलेंटाइन ब्लॅकर या अधिकाऱ्याने हा किल्ला चालता असताना पाहिला आणि त्याचे नीट वर्णन करून ठेवले. खोलगट भागाची रुंदी शंभर ते दीडशे यार्ड. त्यातून वर आलेला तट सुमारे साठ फूट. आतली जमीन तटाच्या माथ्याइतकीच उंच. आत जायला वाट फक्त एक, पूर्वेकडून. आणि त्या एका वाटेवर एकामागून एक पाच दरवाजे. वळणे घेत, मधूनमधून पायऱ्यांनी वर चढत जाणारी ती वाट प्रत्येक दरवाजापाशी शत्रूला अडवीत असे.

आज तट ठिकठिकाणी ढासळला आहे. तापीचे पूर आणि माणसांची गरज, दोघांनीही त्याचे दगड नेले. आम्ही जुन्या वाटेचा माग काढीत वर गेलो. वर गेल्यावर मात्र थबकून उभे राहावे असा देखावा आहे. आतली जमीन तटाच्या माथ्याला लागून असल्यामुळे आपण एकदम उघड्यावर येतो, आणि खाली तापीचे विशाल पात्र दिसते. नदीवरून येणारा वारा, पैलतीरावरची शेते, आणि संपूर्ण शांतता. दालने पाहायला आलेल्याची इथे निराशा होईल. पण नदीवर नजर ठेवायला राजाने हीच जागा का निवडली हे कोणी न सांगता कळते.

भाच्याने विचारले, “मामा, ते पाच दरवाजे कशाकरिता बांधले? लढाई झाली का कधी इथे?”

झाली होती. एका तडाख्याला बसून मी त्याला ती सांगितली, आणि वाचकांनाही सांगतो.

अठराव्या शतकाच्या मध्यावर हा मुलूख मराठ्यांकडे आला आणि थाळनेर होळकरांकडे गेले. 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरला सर थॉमस हिस्लॉपच्या इंग्रजी फौजेने होळकरांचा पराभव केला. गादीवर होता मल्हारराव, तोही अकरा-बारा वर्षांचा मुलगा. 6 जानेवारी 1818 रोजी मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडचा होळकरांचा मुलूख इंग्रजांना द्यावा लागला. त्यात थाळनेर होते. हिस्लॉप फौज घेऊन सातपुडा उतरला. वाटेतला सेंधव्याचा किल्ला त्याला निमूटपणे मिळाला. थाळनेरही तसेच मिळेल या समजुतीने 27 फेब्रुवारीला तो इथे पोचला, आणि किल्ल्यावरून तोफ डागली गेली.

किल्लेदाराचे नाव तुळसीराम मामा. हिस्लॉपने निरोप पाठवला की किल्ला तुमच्या धन्याने आम्हांला दिला आहे, लढलात तर बंडखोर समजू. उत्तर आले नाही. इंग्रजांच्या तोफा सुरू झाल्या. काही वेळाने किल्ल्यातून बोलणे आले. बिनशर्त शरण या, एवढेच उत्तर मिळाले. मग हल्ल्याची तुकडी दरवाजांच्या वाटेला लागली. बाहेरचे दरवाजे फारसा विरोध न होता ओलांडले गेले. मध्येच किल्लेदार स्वतः काही माणसांनिशी बाहेर आला आणि शरण गेला. आता फक्त शेवटचा, पाचवा दरवाजा उरला. त्याची दिंडी उघडी होती. आत अरब शिपाई होते. ते काय म्हणतात ते इंग्रजांना कळेना, इंग्रज काय म्हणतात ते त्यांना कळेना. कर्नल मरे, मेजर गॉर्डन, कॅप्टन मॅकग्रेगर आणि थोडे शिपाई दिंडीतून आत शिरले. आतल्यांनी त्यांच्यावर हत्यार चालवले. गॉर्डन आणि मॅकग्रेगर ठार झाले, मरे जखमी झाला. मग मागची फौज दरवाजा फोडून आत घुसली, आणि किल्ल्यातल्या सुमारे तीनशे माणसांची कत्तल झाली. त्याच संध्याकाळी तुळसीराम मामाला फाशी दिले. तो तर आधीच शरण आला होता.

ही फाशी इंग्रजांच्या देशातसुद्धा सर्वांना रुचली नाही. पुढच्या वर्षी, मार्च 1819 मध्ये, हिंदुस्थानातल्या फौजेचे आभार मानण्याचा ठराव लंडनच्या पार्लमेंटात आला तेव्हा थाळनेरची गोष्ट निघाली, आणि त्या प्रकरणाला आपली संमती गृहीत धरू नये असे बजावूनच आभार मानले गेले. तुळसीराम मामाला याचा काय उपयोग? पण शरण आलेल्या माणसाला मारणे ही गोष्ट जिंकणाऱ्यालाही सुखाने पचत नाही, एवढे त्यातून दिसते.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने असा प्रश्न विचारला की माझी सगळी माहिती तिथेच संपली.

“मामा, ते दोन साहेब मेले त्यांची नावे तुम्ही सांगितलीत. किल्लेदाराचेही सांगितलेत. त्या तीनशे जणांची नावे कुठे आहेत?”

इतिहासाने त्यांची फक्त संख्या ठेवली आहे, तीही ‘सुमारे’ म्हणून. आदल्या दिवशी माणिक चौकात बोटाने पाच नावे वाचणारा हा मुलगा. त्याच्या हिशेबाने मेलेल्या माणसाला नाव असतेच आणि ते कोठेतरी लिहिलेले असतेच. मी त्याला समजावू लागलो, की हे आणि ते एक नव्हे. माणिक चौकातली मुले देशासाठी स्वतः होऊन पुढे झाली होती. थाळनेरचे शिपाई पगारी. होळकरांचा पगार मिळे म्हणून ते होळकरांसाठी लढत, आणि ज्या धन्यासाठी लढायचे त्यानेच किल्ला आधी लिहून दिला होता. त्यांना हुतात्मा म्हणता येणार नाही. आणि दिंडीतून आत शिरलेले ते दोन साहेबही कोणाचे तरी मुलगेच होते.

“पण मामा,” तो म्हणाला, “ते इथे राहत तर होते ना?”

यावर मला काही बोलता आले नाही. खरेच, आपण किल्ल्यात जातो तेव्हा राजा कोठे निजत असे, राणी कोठे न्हात असे, हे विचारतो. शेवटच्या रात्री पाचव्या दरवाजाच्या आत पहाऱ्यावर कोण होते, त्याचे घर कोठे होते, त्याची वाट पाहणारे कोणी होते का, हे विचारायचे आपल्याला सुचत नाही. ते विचारायला पंधरा वर्षांचा मुलगा लागतो, आणि त्याने आदल्या दिवशी माणिक चौक पाहिलेला असावा लागतो.

तिथून आम्ही फारूकींच्या कबरी पाहायला गेलो. थाळनेरला पाहायला जे काही छपराखाली उरले आहे ते हेच. दहा मकबरे. एक अष्टकोनी, बाकीचे चौकोनी, वर घुमट. अष्टकोनी मकबऱ्यावरची दगडी नक्षी पाहून बऱ्हाणपूरच्या महालांची आठवण सोडून द्यावी इतकी ती सुबक आहे. काळ्या दगडात फुलांच्या आणि भौमितिक आकृतींच्या पट्ट्या अशा बसवल्या आहेत की सकाळच्या तिरप्या उन्हात त्या हलत असल्याचा भास होतो. राजधानी बऱ्हाणपूरला गेली तरी पहिले राजे इथेच परत आले, मेल्यावर. मलिक राजा इथे आहे. त्याच्यामागून नासीर खान, 1441 साली वारलेला मीरान आदिल खान, 1457 साली वारलेला मीरान मुबारक खान. शहरातल्या बंगल्यात आयुष्य काढून माणसाने अखेरच्या विसाव्याला गावच्या घरी यावे तसे.

मकबऱ्याच्या आत पाऊल टाकले की बाहेरचे ऊन एकदम मागे राहते. गारवा, मंद उजेड, वर घुमटात पारव्यांची घुमघुम. आपण हळू बोललो तरी आवाज वर जाऊन परत येतो. भाच्याने हळूच स्वतःचे नाव उच्चारले. ते घुमटाने त्याला परत दिले. त्याला मोठी गंमत वाटली. त्याने मग शिरीषकुमारचे नाव घेतले, लालदासचे घेतले, एकेक करून पाचही घेतली. मी त्याला थांबवले नाही. कबरीतल्या सुलतानांनाही त्याचे वाईट वाटले नसावे. त्यांची नावे दगडात कोरलेली आहेत, सहाशे वर्षे टिकली आहेत. दुसऱ्यांची नावे घुमटात क्षणभर राहिली तर त्यांचे काय जाते?

परतीच्या वाटेवर पारावरचे तेच आजोबा भेटले. त्यांनी चहाला बसवले. किल्ला पाहून झाला का म्हणून विचारले. भाच्याने त्यांना पाच दरवाजांची सगळी हकीकत सांगितली, तोफेपासून फाशीपर्यंत. आजोबांनी मान डोलावून ती ऐकली. मग पारावर खेळणाऱ्या आपल्या नातवाला हाक मारून म्हणाले, “आठे ये रे, हाई आईक.” भाच्याला ती गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगावी लागली. त्याने ती आनंदाने सांगितली. दुसऱ्या खेपेला किल्लेदार शरण येतो तिथे तो जरा थांबला, आणि ‘त्याला मारायला नको होते’ असे आपल्या पदरचे एक वाक्य त्याने घातले. पार्लमेंटाला जे कळायला वर्ष लागले ते त्याला चहाचा पेला संपायच्या आत कळले होते!

ताईच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या रात्री जेवताना दिले. किल्ल्याच्या आत जे पाहायचे असते ते पुष्कळदा तिथे नसतेच. ते आपण बरोबर न्यायचे असते. मेहुण्यांना ते फारसे पटले नाही. “म्हणजे पडक्या भिंतीच,” असे म्हणून त्यांनी भरीत वाढून घेतले.

वाचकांपैकी ज्यांना सवड असेल त्यांनी हिवाळ्यात तिकडे जावे. उन्हाळ्यात खानदेशचे ऊन माणसाला भाजून काढते. मुंबईकरांना सुरतेवरून नंदुरबार सोयीचे, पुणेकरांना धुळ्यावरून शिरपूर. मोटार नसली तरी शिरपूरपर्यंत एस. टी. आहे आणि तिथून थाळनेर दूर नाही. प्रकाशाला घाटावर तासभर बसावे, मकबरे उन्हे तिरपी असताना पाहावेत, आणि नदीच्या बाजूच्या तटावर मुलांचा हात धरावा, कारण तिथली माती भुसभुशीत आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थाळनेरला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी नंदुरबारच्या माणिक चौकात जाऊन यावे आणि मुलांना ती पाच नावे मोठ्याने वाचायला सांगावी. दुसऱ्या दिवशी किल्ल्यावर काय विचारायचे ते त्यांना आपोआप सुचेल. आपल्याजवळ उत्तर नसले तरी हरकत नाही. त्या तीनशे माणसांविषयी कोणी विचारले, एवढे तरी दोनशे वर्षांनंतर घडू द्यावे.